उंदीर शांत बसला म्हणजे गुण आला असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नैराश्यावरच्या गोळीने उंदरांची हरवलेली स्मरणशक्ती परत आली, अशी बातमी मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. मध्येच कधी त्याच गोळ्यांनी स्मृतिभ्रंश बळावतो अशीही येते. दोन्ही बातम्या खान्देशातल्या घरांत फोनवरून फिरतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर मेडिकलच्या काउंटरवर पोहोचतात. एक जण विचारतो, ‘बाबांना ही सुरू करता येईल का?’ दुसरा विचारतो, ‘आईची ही आजच बंद करू का?’ आम्ही औषधशास्त्र शिकवणारे आणि औषधे हाताळणारे लोक आहोत. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बातमीत सापडत नाही, कारण अशा बातमीच्या शेवटी बहुधा एक ओळ असते: ‘प्रयोगात कोणतेही दुष्परिणाम आढळले नाहीत.’ हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. त्या ओळीचा खरा अर्थ पुष्कळदा ‘दुष्परिणाम शोधले नाहीत’ एवढाच असतो. कधी तर त्याहून वाईट घडते आणि दुष्परिणामच गुण म्हणून मोजला जातो.

आधी उंदराला स्मृतिभ्रंश कसा आणतात ते पाहू. उंदराला म्हातारपणी माणसासारखा अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वांत सर्रास आजार, आपोआप होत नाही, तो घडवावा लागतो. सर्वांत स्वस्त आणि आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत सर्रास वापरली जाणारी रीत म्हणजे स्कोपोलामीन. दर किलो वजनाला १ मिलिग्रॅमच्या आसपास हे औषध पोटात टोचतात आणि साधारण अर्ध्या तासाने परीक्षा घेतात. स्कोपोलामीन म्हणजे काय हे खान्देशातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको, कारण ते बांधावरच्या धोतऱ्यात असते. धोतरा पोटात गेलेला माणूस बरळतो, त्याचे तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते, घरची माणसे ओळखू येत नाहीत. मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा निरोप्या ज्या दारांवर थाप मारतो, ती दारे धोतरा बंद करतो. अल्झायमरमध्ये हे रसायन तयार करणाऱ्या पेशी मरतात, म्हणून दोन्हींत विसर दिसतो. पण धोतऱ्याचा अंमल काही तासांत उतरतो आणि अल्झायमर उतरत नाही. म्हणजे या प्रयोगात आजार नसतो, तात्पुरती नशा असते.

दुसरी रीत जनुकांची. अल्झायमरच्या आनुवंशिक प्रकारातली मानवी उत्परिवर्तने उंदरात घालतात. २००३ साली तीन उत्परिवर्तनांचा उंदीर तयार झाला, २००६ साली पाचांचा. पाच उत्परिवर्तनांच्या उंदरात दोन महिन्यांच्या वयातच मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचू लागतात. माणसांत असा थेट आनुवंशिक अल्झायमर शंभर रुग्णांत एखाद्यालाच असतो. बाकीच्यांना तो वय, रक्तदाब, मधुमेह, ऐकू न येणे, शिक्षण अशा पुष्कळ गोष्टींच्या गुंत्यातून येतो. आणखी एक फरक दुष्परिणामांच्या दृष्टीने फार मोठा आहे. सहा महिन्यांचा उंदीर माणसाच्या हिशेबाने जेमतेम तिशीचा असतो. त्याचे मूत्रपिंड, यकृत आणि हाडे तरुण असतात. ज्या गोळीची भीती आपल्याला पंचाहत्तरीच्या माणसासाठी वाटते, तिची परीक्षा आपण तिशीच्या पहिलवानावर घेत असतो.

आता परीक्षेकडे येऊ, कारण खरी गफलत तिथे आहे.

एक पेटी असते. तिचा अर्धा भाग उजेडाचा, अर्धा अंधाराचा. रॅटला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला, अंधार आवडतो, त्यामुळे त्याला उजेडात सोडले की तो थोड्याच वेळात अंधाऱ्या खणात शिरतो. पहिल्या दिवशी तो आत शिरला की पायाखालच्या सळयांतून अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपासचा झटका दोन-तीन सेकंद देतात. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा उजेडात ठेवतात आणि घड्याळ लावतात. झटका आठवत असेल तर तो आत जाणार नाही. पाच मिनिटे बाहेरच राहिला तर पैकीच्या पैकी गुण. आता त्या रॅटला नैराश्यावरची, गुंगी आणणारी गोळी दिलेली आहे असे समजा. मिर्टाझापीन, ट्रॅझोडोन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन, कोणतीही. तो कोपऱ्यात पेंगत बसतो आणि पाच मिनिटे हलत नाही. वहीत नोंद होते: स्मरणशक्ती सुधारली!

हाच रॅट पाण्याच्या परीक्षेत घाला. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली ही परीक्षा मांडली. गोल टाकी, पाणी २२ ते २५ अंश, ते गढूळ केलेले आणि पृष्ठभागाखाली एक-दोन सेंटिमीटरवर लपवलेला चौथरा. दिवसाला चार फेऱ्या, असे चार-पाच दिवस. चौथरा किती सेकंदांत सापडतो ते मोजायचे. गुंगीतला प्राणी हळू पोहतो आणि उशिरा पोहोचतो. वहीत नोंद होते: स्मरणशक्ती खालावली. औषध तेच, गुंगी तीच, पण एका परीक्षेत ती गुण ठरली आणि दुसरीत अवगुण. त्यात अ‍ॅमिट्रिप्टिलीन वेदनाही कमी करते. पहिल्या पेटीतला झटकाच ज्याला कमी लागला, तो दुसऱ्या दिवशी खुशाल आत जाईल आणि ‘विसरला’ म्हणून नोंदला जाईल.

यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. पेटीच्या परीक्षेत पहिल्या दिवशी, झटक्याच्या आधी, प्राणी अंधारात शिरायला किती वेळ घेतो ते लिहून ठेवावे. औषध घेतलेला गट तेव्हाच मंद असेल तर पुढची ‘स्मृती’ ही गुंगी आहे हे उघड होते. पाण्यात सेकंदांबरोबर पोहण्याचा वेग वेगळा मोजावा आणि शेवटी चौथरा दिसेल असा ठेवून एक फेरी घ्यावी. दिसणारा चौथराही ज्याला गाठता येत नाही, त्याची अडचण स्मृतीची नाही. मोकळ्या चौकात पाच मिनिटे सोडून त्याची हालचाल पाहावी, फिरत्या दांड्यावर किती वेळ टिकतो ते पाहावे. शेवटचा डोस आणि परीक्षा यांत एक दिवसाचे अंतर ठेवून परीक्षा पुन्हा घ्यावी, म्हणजे औषधाचा तात्पुरता अंमल आणि टिकणारा फायदा वेगळे काढता येतात. आणि परीक्षा घेणाऱ्याला कोणत्या प्राण्याला काय दिले आहे हे ठाऊक नसावे. ज्या अहवालात यातले काहीच नाही, त्यातल्या ‘स्मृती सुधारली’ या वाक्याची बातमी करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही दुष्परिणाम तर उंदराच्या अंगात दिसूच शकत नाहीत. फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, एसिटॅलोप्राम या गटातल्या गोळ्यांचा सर्वांत सर्रास त्रास म्हणजे मळमळ. माऊस आणि रॅट या दोघांनाही उलटी करताच येत नाही, शरीराची तशी रचनाच नाही. मळमळणारा रॅट मातीसारखे पदार्थ चघळतो, म्हणून त्याला केओलिन ही पांढरी माती ठेवून ते किती खाल्ले हे मोजावे लागते. तसे न मोजता ‘उलट्या झाल्या नाहीत’ म्हणण्याला अर्थ नाही. निदान दर आठवड्याचे वजन आणि खाल्लेल्या चाऱ्याचे माप तरी अहवालात हवे.

घामाचेही तसेच. अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या गोळ्या धोतऱ्याप्रमाणेच घाम आटवतात. उंदराला घामाच्या ग्रंथी फक्त तळपायांवर असतात, त्याच्यावरून भुसावळच्या मे महिन्यातल्या आजोबांचे काय होईल ते कसे कळणार? हृदयाचे तर आणखी वेगळे. सिटॅलोप्राम आणि एसिटॅलोप्राम हृदयाच्या दोन ठोक्यांमधला विद्युत सावरण्याचा काळ लांबवतात. ईसीजीवर त्याला क्यूटी म्हणतात. तो फार लांबला तर जिवावर बेतणारी अनियमित धडधड होऊ शकते. हे ज्या पोटॅशियम वाहिनीमुळे होते, ती माणसाच्या हृदयात महत्त्वाची आहे. मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके टाकणाऱ्या उंदराच्या हृदयाचे काम मुख्यतः दुसऱ्याच वाहिन्यांवर चालते. त्यामुळे हा धोका तपासायला गिनी पिग किंवा कुत्रा वापरावा लागतो. उंदरात क्यूटी ठीक होता हा माणसासाठी दिलासा नाही. तोल जाऊन पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे, हा वृद्धांतला सर्वांत महागात पडणारा दुष्परिणाम, चार पायांच्या प्राण्यात कुठून दिसावा?

संख्येचाही मुद्दा आहे. एका गटात साधारण आठ ते बारा प्राणी असतात. दहापैकी एकाही उंदरात एखादा त्रास दिसला नाही, तरी गणित सांगते की तो त्रास खरोखर चारांतल्या एकाला होत असण्याची शक्यता त्या निकालातून बाद होत नाही.

मात्रेचा गोंधळ मराठीत तर दुप्पट होतो. प्रयोगशाळेत माऊस आणि रॅट हे दोन वेगळे प्राणी आहेत, एक पंचवीस ग्रॅमचा आणि दुसरा पाव किलोचा. बातमीत दोघेही ‘उंदीर’ होतात. माणसाची समतुल्य मात्रा काढताना माऊसची प्रतिकिलो मात्रा ३ ने गुणून ३७ ने भागतात, रॅटची ६ ने गुणून ३७ ने. म्हणजे प्रतिकिलो १० मिलिग्रॅम हा आकडा माऊससाठी असेल तर ६० किलोच्या माणसाला साधारण ४९ मिलिग्रॅम येतात, रॅटसाठी असेल तर ९७. फ्लुऑक्सेटीनची नेहमीची गोळी २० मिलिग्रॅमची असते. हे सूत्रही शरीराच्या पृष्ठभागावर बेतलेला अंदाजच आहे. सिटॅलोप्राम माणसाच्या रक्तात निम्मे व्हायला सुमारे ३५ तास लागतात, माऊसमध्ये दोन तासही लागत नाहीत. दिवसातून एकदा टोचलेला माऊस दिवसाचा बराच वेळ औषधाविनाच असतो. म्हणून नीट प्रयोग करणारे कातडीखाली छोटा पंप बसवतात किंवा औषध पिण्याच्या पाण्यात घालतात.

पाण्यात घालण्याच्या रीतीत आपल्याकडे एक खास अडचण येते आणि ती इथल्या विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात घ्यावी. लिटरला ८० मिलिग्रॅम फ्लुऑक्सेटीन घातले आणि २५ ग्रॅमचा माऊस दिवसाला ५ मिलिलिटर पाणी प्यायला, तर त्याला प्रतिकिलो १६ मिलिग्रॅम मिळते. एप्रिल-मेमध्ये वीज गेली, प्राणिगृहाचा एसी बंद पडला आणि तो साडेसात मिलिलिटर प्यायला, तर मात्रा परस्पर २४ वर जाते. उलट औषधाच्या कडू चवीने तो कमी प्यायला तर मात्रा घटते आणि प्राणी तहानलेला राहतो तो वेगळाच. बाटली रोज वजन करून ठेवली नाही, तर कोणाला किती औषध गेले हे कोणालाच ठाऊक नसते. पोहण्याच्या टाकीचेही तेच. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले कोमट पाणी भरले तर उंदराला बाहेर पडायची घाई नसते, तो नुसता तरंगतो. धुळ्याच्या डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेव्हा थंड पाण्यात त्याचे अंग गारठून पोहणे मंदावते. दोन्ही वेळा खापर औषधावर किंवा आजारावर फुटते. प्रत्येक फेरीआधी थर्मामीटर पाण्यात बुडवणे एवढेच काम आहे.

अशा प्रयोगांतून काही हाती लागत नाही असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. सिटॅलोप्रामचेच पाहा. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की अल्झायमरच्या जनुकांच्या उंदरांना २८ दिवस सिटॅलोप्राम दिले तर आधीचे अमायलॉइडचे थर वाढायचे थांबतात आणि नवे थर ७८ टक्क्यांनी कमी होतात. त्याच शोधनिबंधात निरोगी माणसांना ६० मिलिग्रॅमचा एक डोस देऊन पाठीच्या मणक्यातले पाणी तपासले होते, त्यात अमायलॉइडची निर्मिती ३७ टक्क्यांनी घटलेली दिसली. हे काम मोलाचे आहे. पण त्याच वर्षी माणसांवरची एक चाचणीही प्रसिद्ध झाली. अल्झायमर आणि त्याबरोबर चिडचिड, आदळआपट असलेल्या १८६ रुग्णांना नऊ आठवडे सिटॅलोप्राम किंवा दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी दिली. सिटॅलोप्रामचे लक्ष्य दिवसाला ३० मिलिग्रॅम होते. चिडचिड कमी झाली. पण ३० गुणांच्या स्मृतिचाचणीत सिटॅलोप्रामचा गट सरासरी एका गुणाने मागे पडला आणि क्यूटी सरासरी १८ मिलिसेकंदांनी लांबला. उंदरांत थर कमी करणारे औषध, आणि माणसांत नऊ आठवड्यांत स्मृती किंचित घसरवणारेही तेच औषध. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकच छापली तर वाचकाची फसगत होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर त्याआधीच, २०११-१२ मध्ये, साठीपुढच्यांना सिटॅलोप्राम २० मिलिग्रॅमहून जास्त देऊ नये असे बजावले होते.

अ‍ॅमिट्रिप्टिलीनची गोष्ट याहून बोलकी आहे. २०११ साली तीन उत्परिवर्तनांच्या वयस्क उंदरांत या औषधाने स्मृती सुधारल्याचे आणि मेंदूत नव्या पेशींना चालना मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. माणसांत हे औषध वृद्धांना शक्यतो देऊ नये अशा यादीत आहे, कारण ते धोतऱ्याची तीच दारे बंद करते. स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल, म्हणजे मेंदूतले अ‍ॅसिटिलकोलीन टिकवणारे औषध, चालू असलेल्या रुग्णाला अ‍ॅमिट्रिप्टिलीन देणे म्हणजे एका हाताने दार उघडून दुसऱ्या हाताने लोटणे. तरीही डोकेदुखी, नसांची आग किंवा झोप यांसाठी लिहिलेली १० मिलिग्रॅमची गोळी घराघरांत वर्षानुवर्षे चालू राहते आणि स्मृतिभ्रंशाच्या डॉक्टरांना ती कोणी सांगतच नाही.

माणसांवरच्या आणखी दोन चाचण्या सांगतो, कारण त्यांची बातमी क्वचितच होते. २०११ साली इंग्लंडमध्ये अल्झायमर आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ३२६ रुग्णांत सर्ट्रालीन आणि मिर्टाझापीन यांची तुलना औषध नसलेल्या गोळीशी केली. तेरा आठवड्यांनी नैराश्यात फरक नव्हता. दुष्परिणाम मात्र औषध नसलेल्या गोळीवर २६ टक्के रुग्णांना, सर्ट्रालीनवर ४३ टक्के आणि मिर्टाझापीनवर ४१ टक्के रुग्णांना झाले. २०२१ साली चिडचिडीसाठी मिर्टाझापीन तपासले गेले, २०४ रुग्णांत. फायदा दिसला नाही. सोळाव्या आठवड्यापर्यंत मिर्टाझापीनच्या गटात ७ मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात १. आकडे लहान आहेत, त्यावरून ठाम निष्कर्ष निघत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाहीत. २०२५ मध्ये स्वीडनच्या स्मृतिभ्रंश नोंदवहीतल्या अठरा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्यांची स्मृती जास्त वेगाने घसरल्याचे दिसले. ही बातमी वाचून कोणी गोळी बंद करू नये. ज्यांचा आजार आधीच जोरात होता त्यांनाच गोळी जास्त वेळा दिली गेली असेल, तर घसरण गोळीची की आजाराची हे नोंदवहीवरून सुटे करता येत नाही.

पेटीत पेंगणारा रॅट आणि ओट्यावर गप्प बसलेले आजोबा यांत फार अंतर नाही. कालपर्यंत रात्री दार उघडून केळीच्या बागेकडे निघणारे, सुनेला चोर म्हणणारे बाबा गोळी सुरू झाल्यावर शांत बसले, की घरचे म्हणतात गुण आला. ते शांत झाले की गुंगले, हे घरच्या घरी बघता येते, आणि पद्धत तीच: गोळीच्या आधीची नोंद. सुरू करण्यापूर्वी दोन-तीन दिवस वहीत लिहावे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत बसायला किती सेकंद लागतात? बारा सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे. भाकरी किती खातात, दिवसा किती झोपतात, लघवीला आणि संडासला त्रास आहे का, नातवाचे नाव घेतात का, बाजाराचा वार सांगतात का? हे प्रश्न त्यांच्या भाषेत विचारावेत. जन्मभर अहिराणी बोललेल्या माणसाला पुस्तकी मराठीत ‘आज दिनांक कोणता’ विचारले तर न आलेले उत्तर भाषेचे असते, विस्मरणाचे नव्हे. ‘आज कोनता वार शे?’ म्हणा. नंतर दर आठवड्याला त्याच वेळी तीच नोंद करावी. चिडचिड कमी झाली, पण चालायला पाच सेकंद जास्त लागू लागले, जेवण निम्म्यावर आले, दुपारभर डोळे मिटलेले आहेत, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. डॉक्टरांना ‘बरं आहे’ या दोन शब्दांपेक्षा ती वही कितीतरी उपयोगी पडते.

गोळ्यांच्या पानावरची बारीक अक्षरे वाचावीत. एसिटॅलोप्रामबरोबर क्लोनाझेपाम आणि अ‍ॅमिट्रिप्टिलीनबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड अशा जोडगोळ्या आपल्याकडे खूप खपतात. घरच्यांना वाटते एकच गोळी चालू आहे, पोटात दोन जात असतात आणि दुसरी गुंगीचीच असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला अशी जोडगोळी लिहिली असेल तर ‘यातली दुसरी गोळी खरंच हवी का?’ असे डॉक्टरांना जरूर विचारावे. गुडघ्यांसाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर तेही सांगावे. फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, एसिटॅलोप्राम अशा, मेंदूत सेरोटोनिन हे रसायन वाढवणाऱ्या गोळ्यांबरोबर ते थरथर, घाम, ताप आणि भ्रम आणू शकते. अ‍ॅस्पिरीन किंवा डायक्लोफिनॅक बरोबर असेल तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काळी, डांबरासारखी संडास झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि सोडियम. आपल्या भागात याची आठवण मार्च लागताच ठेवावी लागते. नैराश्यावरच्या या गोळ्या काही वृद्धांत, बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांत, शरीरात पाणी अडवून धरतात आणि रक्तातले सोडियम उतरते. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर धोका वाढतो. उन्हामुळे माणूस नुसते पाणी पीत राहिला की आणखी. सोडियम १३५ ते १४५ असावे. ते १३० खाली गेले की सुस्ती, बडबड, तोल जाणे सुरू होते, फार खाली गेले तर झटके येतात. घरचे समजतात डोक्याचा आजार वाढला, आणि कधी त्याच गोळीची मात्रा वाढवून मागतात. सोडियमची रक्तचाचणी तालुक्याच्या गावीही होते. गोळी सुरू करण्यापूर्वी आणि दोन ते चार आठवड्यांनी ती करावी. सिटॅलोप्राम किंवा एसिटॅलोप्राम असेल तर ईसीजीही आधी आणि नंतर काढावा. मात्र मनाने मीठ-साखरेचे पाणी सुरू करू नये. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अपाय करते.

गोळी एकदम तोडू नये. पॅरोक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन अचानक बंद केल्या तर दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, बेचैनी, डोक्यात वीज चमकल्यासारखे होणे सुरू होते. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला ते शब्दांत सांगता येत नाही, तो फक्त चिडतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्या-आठवड्याने मात्रा उतरवावी. हेही तितकेच खरे की स्मृतिभ्रंशातही नैराश्य येते आणि ते सोसणे फार कठीण असते. ज्याला पूर्वी तीव्र नैराश्य होऊन गेले आहे, जो जेवण सोडतो, मरणाच्या गोष्टी बोलतो, त्याला औषधाची गरज असू शकते. अशा वेळी वाट पाहू नये. टेलिमानस १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

आपल्याकडे, संपादक महोदय, मागणे एवढेच. अशी बातमी छापताना मथळ्यातच ‘उंदरांत’ हा शब्द असावा. मजकुरात प्राणी माऊस की रॅट, त्याला स्मृतिभ्रंश कशाने आणला, वय किती, मात्रा किती आणि किती दिवस, हे चार-पाच शब्दांत यावे. ‘दुष्परिणाम नाहीत’ लिहिण्याआधी बातमीदाराने मूळ निबंधात वजन, हालचाल आणि पोहण्याचा वेग यांचे आकडे आहेत का ते पाहावे. नसतील तर ‘दुष्परिणाम तपासलेले नाहीत’ असे लिहावे. आपल्या विद्यापीठाच्या परिसरातल्या फार्मसी कॉलेजांनाही विनंती आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना १९६० च्या कायद्याखाली संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते. त्या अर्जातच स्मृतीच्या परीक्षेबरोबर गुंगी, चारा, वजन आणि पाणी यांची रोजची नोंद बंधनकारक करता येईल. मेलेल्या प्राण्यांची संख्या आणि कारण प्रबंधात छापावे, गाळू नये. त्या मुक्या जिवाने जे सोसले त्यातला सर्वांत उपयोगी भाग पुष्कळदा तोच असतो.

माणसांतला दुष्परिणाम नोंदवण्यासाठी भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८०० १८० ३०२४ आहे. तिथे डॉक्टरच नव्हे, रुग्णाच्या घरचेही फोन करू शकतात. फोनजवळ गोळीचे पान, गोळी सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि चालू असलेल्या बाकी सगळ्या गोळ्यांची नावे ठेवावीत, काढ्यांची आणि चूर्णांचीसुद्धा.

आपले,
औषधशास्त्राचे काही शिक्षक व औषधविक्रेते,
जळगाव, धुळे व नंदुरबार